सिनेगॉग हलवताना

संपादक महाशय,

माणसे कमी झाल्याने बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू) मंडळींनी आपापली सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिरे, सोडून एकाच सभागृहात उपासना करावी, हे रास्तच. दहा जणांचा मिनियान, म्हणजे उपासनेची गणसंख्या, भरला नाही तर तोरा या धर्मग्रंथाचे वाचनच होत नाही. पण सिनेगॉग हलवणे टेम्पोत सामान टाकण्याइतके सोपे नाही. सेफेर तोराची, म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेल्या तोराची, गुंडाळी हातांवरच न्यावी. पावसाळ्यात प्लॅस्टिक अजिबात नको: आत ओल कोंडते, चामड्याला बुरशी लागते, शाई सुटते. एक अक्षर तुटले तरी दुरुस्तीपर्यंत ती वाचनातून बाद. गुंडाळायला मलमल पुरे. मुंबईतून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचे कपाट, त्या भिंतीला. हे कपाट चाकांचे केले तर चाकांना ब्रेक हवाच. शुक्रवारी सूर्यास्तानंतर शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो; मग दिव्याच्या बटणाला हात नाही. टायमर दुपारीच लावावा. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींना ‘शनवार तेली’ नाव उगाच पडले का?

– एक वाचक, भायखळा