बिनखिडकीची खोली

वरूड तालुका
6 नोव्हेंबर

प्रिय गजा,

चार महिने झाले जहाजाच्या तिकिटाबद्दलच्या तुझ्या मेसेजला. उत्तर दिलं नाही, कारण तू खरा ठरत चालला होतास आणि ते कबूल करायला मला दिवाळी उलटावी लागली.

फोन केला असता. पण तू पहिल्याच मिनिटात "म्या सांगतलं होतं ना बे" म्हणशील आणि पुढचं सगळं राहून जाईल. म्हणून रोशनच्या जुन्या वहीची पानं फाडून लिहितोय. तब्येती ठीक. माझी शुगर होती तिथेच. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं झालं, दुसऱ्याचं मार्चमध्ये. पट्टी सोडताना डॉक्टर गमतीनं म्हणाले, "आजी, आता दुनिया पाहा." बुढीनं ते मनावर घेतलं. घरी आल्यावर पहिलं वाक्य, "मले समुद्र पाहाचा हाये." तिथून हे जहाजाचं सुरू झालं. मुंबई ते गोवा आणि परत, दोन रात्री, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

तू जूनमध्ये लिंक पाठवलीस, "थेट कंपनीकडून कर, मधात कोणाले घेऊ नको" म्हणालास. रोशननं उघडली. पहिला आकडा पाहून मी म्हटलं, एवढंच? तो आकडा एका माणसाचा निघाला, तोही खोलीत दोघं धरून. पुढच्या पानावर बंदराचे पैसे, त्याच्यापुढे जहाजावरच्या नोकरांची बक्षिसी, मग जीएसटी. कळमना बाजारात माल विकल्यावर मिळणाऱ्या पट्टीत हमाली, तोलाई, वाराई एकेक ओळ वजा होत उतरत जाते ना, तसंच, फक्त इथे बेरीज. शेवटी म्हणे कार्ड टाका. गजा, माझ्याकडे क्रेडिट कार्ड एकच आहे आणि ते किसान. जहाजवाले ते घेत नाहीत.

तुला हे तेव्हा सांगितलं नाही. तुला म्हणालो, "तू मुंबईचा झाला, तुले गावातला माणूस चोरच दिसते." तू चिडलास. बरोबर चिडलास.

मग मी बाळूकडे गेलो. आपला यात्रा-बसवाला बाळू. आता त्यानं बोर्डावर जहाजाचंही चित्र काढून घेतलंय, ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखं दिसतं. त्यानं लॅपटॉपवर तोच भाव दाखवला, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. म्हणाला, "काका, माझं कमिशन कंपनी देते, तुमच्याकून काईच नाई." मला 2016 सालची आठवण झाली. फळं-भाजीची अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली, आपण पेढे वाटायचं बाकी होतं, आणि काका ओट्यावरून म्हणाले, "आता ते भावातून कापतीन." तसं पाहिलं तर बाळूचं कमिशनही माझ्याच तिकिटात बसलेलं असणार. मी थेट घेतलं असतं तर कंपनीनं ते मला परत थोडंच दिलं असतं!

आणि बाळूनं जे दिलं ते कंपनी देणार नव्हती. पोळ्याला वीस हजार घेतले, बाकीचे म्हणाला, व्यापाऱ्याकडून संत्र्याच्या बगीच्याचा आगाऊ इसार आला की द्या. यंदा फळगळ किती झाली तुला माहीत आहे, आंबिया बहार निम्मा झाडाच्या बुडाखाली पडला होता. व्यापारी दोनदा येऊन गेला आणि दोनदा भाव पाडून गेला. इसार महिनाभर उशिरा आला, बाळूनं तोंडातून शब्द काढला नाही. लॉकडाऊनमध्ये त्याची काशीची बस रद्द झाली होती तेव्हा त्यानं बायकोची पोत मोडून लोकांचे पैसे परत केले होते, हेही डोक्यात होतं. कंपनीच्या दारात जाऊन बसता येत नाही. बाळूच्या ओट्यावर बसता येतं. हा माझा हिशेब होता आणि अजूनही तो पूर्ण चुकला असं मला वाटत नाही.

फक्त ओटा सध्या रिकामा आहे. बाळू बद्रीनाथला आहे.

झालं असं. रोशन दिवाळीत आला. मी ऐटीत पावती दाखवली, बाळूच्या पॅडवरची, वर विठ्ठल, खाली शिक्का. त्यानं उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "बाबा, जहाजाच्या कंपनीचा बुकिंग नंबर कुठं आहे? ही तर बाळूकाकाची पावती आहे." माझ्या पोटात गोळा आला. आईच्या नावानं काढलेले चौऱ्याहत्तर हजार! रात्रभर वहीत आकडे मांडले, शोभानं दिवा बंद केला तर मोबाईलच्या उजेडात मांडले. सकाळी सापडलं. बाळूनं ऑगस्टमध्येच व्हॉट्सअॅपवर कंपनीचा कागद पाठवला होता, मी तो उघडलाच नव्हता. रोशननं नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. निघाला! तिघांची नावं, पैसे जमा. मी देवाला हात जोडले आणि बाळूची मनातल्या मनात माफी मागितली.

मग रोशन म्हणाला, "बाबा, खोली इंटिरिअर आहे."

म्हणजे जहाजाच्या पोटातली. खिडकी नाही. समुद्र पाहायला चाललेल्या बाईला चार भिंतींची खोली! वरून माझ्यासाठी छताजवळून उघडणारी फळी, तिच्यावर मी शिडीनं चढायचं. हसू नको. मला आठवतं, बाळूनं विचारलं होतं, "काका, आतली पायजे का बाहेरची?" मी म्हटलं, "आतलीच बरी, बुढी भितीन." आम्हा दोघांनाही वाटलं होतं, अर्थ एकच आहे.

आणि नाव. आधारवर आई सरस्वताबाई आहे, तिकिटावर सरस्वती. बाळूनं तिचं नाव सुधारून टाकलं. चढताना ओळखपत्राशी नाव जुळलं नाही तर तिथेच थांबवतात म्हणे.

मी कंपनीला फोन लावला. पोरगी गोड बोलली. "सर, आपकी बुकिंग एजेंट के थ्रू है, चेंज वही करवाएँगे." नावसुद्धा? नावसुद्धा. समुद्राकडची खोली शिल्लक असेल तर फरक भरून मिळेल, पण मागणी एजंटकडूनच यायला हवी. रद्द करायचं तर जहाजाची तारीख जवळ येईल तशी कपात वाढत जाते. पैसे माझे, आई माझी, आणि माझ्या बुकिंगला मलाच हात लावता येत नाही. तुझ्या लिंकवरून केलं असतं तर रोशननं तिथल्या तिथे बदललं असतं. घे, लिहून दिलं. फ्रेम करून लाव.

केदारनाथ भाऊबीजेला बंद झालं, बद्रीनाथ अजून उघडं आहे, म्हणून बाळूनं या वर्षातली शेवटची बस काढली. जोशीमठाच्या वर गेला की त्याचा फोन लागत नाही. बावन्न म्हातारे घेऊन गेलाय, त्याला तिथे माझ्या खिडकीचं काय सांगू?

पण गजा, झोप उडाली ती यानं नाही. झोप उडाली कारण मी बाळूच्या पाठीमागे कंपनीला फोन केला. त्या पोरीनं नोंद केली असेल, कंपनी त्याला मेल करेल, आणि बद्रीनाथवरून उतरल्यावर त्याला कळेल की काकांनी आपली चौकशी केली. हे शोभाला सांगितलं तर ती म्हणते, "त्यात काय झालं?" तुला सांगायला नको.

2004 आठवतो ना? आपल्या दलालाला, नामदेवरावांना, न सांगता आपण 407 टेम्पो संत्र्यानं भरून नागपूरला नेला होता. दलाली वाचवायला. हर्रासात आपल्या ढिगापुढे कोणी थांबेना, कारण आपल्याला कोणी ओळखत नव्हतं. संध्याकाळी पडेल त्या भावानं दिला आणि डिझेलचे पैसे तू तुझ्या घड्याळावर उसने काढलेस. (ते घड्याळ मी परत आणून दिलं होतं. तू अजूनही नाही म्हणतोस. दिलं होतं.) पुढच्या वर्षी नामदेवराव आपल्या बांधापर्यंत आले, चहा प्यायले, बगीच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या शेतात गेले. एक शब्द बोलले नाहीत. ते चहा पितानाचं तोंड मला परवापासून बाळूच्या तोंडावर दिसतंय.

असो. तुझं काय? पिंकीची परीक्षा झाली का? वहिनींच्या गुडघ्याला ते मेथीचं सांगितलं होतं, करतात का? बदलीचं पुढे काय झालं ते लिही, मी विचारायचं विसरत नाही, फक्त लिहायचं विसरतो.

आम्ही जहाजाच्या आदल्या दिवशीच मुंबईत येतो. त्याच दिवशी अंबा एक्स्प्रेसनं उतरून बॅलार्ड पिअर गाठायची हिंमत माझी नाही, गाडी थांबते पण जहाज थांबत नाही. म्हणजे एक रात्र तुझ्याकडे, डोंबिवलीला. आई विचारते, तुझ्या घरून समुद्र दिसते का. मी हो म्हणून सांगितलंय, आता तू सांभाळ. संत्र्याची एक पेटी आणतो, गळीतली नाही, चांगली.

तुझा,
विलास

ता.क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात बाळूचा फोन आला, जोशीमठावरून. आवाज बसलाय त्याचा. स्वतःच म्हणाला, "काका, आजीचं नाव चुकलं वाटते, आधार पाहिलं तवा ध्यानात आलं, दुरुस्तीचा मेल टाकला." आईसाठी बद्रीनाथचा प्रसाद घेतलाय म्हणाला. खोलीचं विचारायचं राहून गेलं.