फडाच्या खेळासाठी आत्याच्या सूचना

स्टुटगार्ट,
रविवार

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

मुलांनी केलेला पुठ्ठ्यावरचा शेतीचा खेळ सुखरूप पोचला. पुठ्ठा कुठे दुमडला नाही आणि वहिनीने रुमालात बांधून दिलेले पाण्याचे निळे मणीही सगळे आले. पोरांनी पांझरा नदीकाठची अख्खी फडपद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची आपली जुनी रीत, उतरवलीय रे! वर बंधारा, तिथून पाट, पाटातून चाऱ्या आणि खाली चार फड, म्हणजे शेतांचे चार गट. शिवाय कुणी कुणाला हरवायचं नाही, पाऊसपत्ते संपायच्या आत सगळ्यांनी मिळून चारही फड पिकवायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नसताना सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं. पुढचं पत्र त्यांना वाचून दाखव, आणि अण्णांना जवळ बसव.

इथे आम्ही दोघं, चिमणी आणि शेजारच्या आजी असे चौघं खेळलो. आजींच्या हातात हरभऱ्याचं बी होतं. दुसऱ्या फडात पेरावं की तिसऱ्यात, याचा विचार करत त्यांनी ते बोटांत धरून ठेवलं होतं. तेवढ्यात आमच्या ह्यांनी सांगून टाकलं, "तिसऱ्यात टाका, तिथे पाणी आहे." आजींनी निमूटपणे टाकलं. पुढे सगळा डाव तसाच गेला. तुमच्याकडेही थोरला असंच करत असणार. पण त्यात त्याचा दोष नाही. सगळे पत्ते उघडे आणि सगळ्यांना सगळं करता येतं, मग ज्याचं डोकं आधी चालतं तोच चौघांचा डाव खेळतो.

इथे लहान मुलांसाठी 'ओब्स्टगार्टन' नावाचा खेळ 1986 पासून मिळतो. सफरचंद, पेर, चेरी आणि प्लमची झाडं असतात. फाशाच्या चार बाजूंवर चार रंग, एका बाजूवर टोपली आणि एका बाजूवर कावळा. कावळ्याचं चित्र 9 तुकड्यांचं असतं. ते पुरं व्हायच्या आत सगळी फळं उतरवली तर सगळी मुलं जिंकतात, नाहीतर कावळा जिंकतो. तीन वर्षांच्या पोरालाही यात सामील होता येतं. पण ठरवण्यासारखं फारसं काही नसतं, सगळा कारभार फाशाचा. 2008 साली आलेल्या 'पॅन्डेमिक'मध्ये प्रत्येकाला वेगळं काम मिळतं. कुणी रोगी बरे करतो, कुणी सहज पत्ते देऊ शकतो. तिथेही बोलका माणूस बाकीच्यांना हुकूम सोडू शकतोच. म्हणून माझं म्हणणं असं की आपल्या खेळात नुसती कामं वाटून भागणार नाही. एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसता कामा नये.

कामं शोधायला लांब जायला नको, फडपद्धतीत ती पूर्वीपासून आहेत. पहिला पाटकरी. मणी उघड्यावर न ठेवता थैलीत ठेवायचे आणि थैलीत हात घालायचा तो फक्त पाटकऱ्याने. बाकीच्यांना त्याने तीनच गोष्टी सांगायच्या: भरपूर, बेताचं, आटलं. आकडा सांगायचा नाही. मी चिमणीला पाटकरी करून पाहिलं. थैलीत हात घालून, डोळे मिटून ती बराच वेळ चाचपत बसली आणि मग ठणकावून म्हणाली, "बेताचं!" तिघं मोठे तिच्या तोंडाकडे बघत होते.

दुसरा बारेकरी. पाटकऱ्याने सोडलेलं पाणी रोपांवर ठेवायचा हक्क त्याचा एकट्याचा. मात्र बारी, म्हणजे पाण्याची पाळी, जिथे थांबली तिथूनच पुढच्या खेपेला सुरू करायची, नाहीतर वरचे वाफे दरवेळी भिजतील आणि शेवटचे कोरडे राहतील. पाणी जास्त झालं तरी नुकसान व्हायला हवं. मुलांच्या नियमात जितके मणी तितकं पीक जोरात, ते मला पटलं नाही. हरभरा जास्त पाण्याने उभळतो, हे अण्णा दरवर्षी सांगतात. त्याला फुलोऱ्यात एक मणी आणि घाटे भरताना एक. तिसरा पडला की रोप गेलं. आणि हरभरा निघाला त्या वाफ्यात पुढचं पीक एका मण्याने कमी भागेल असं करा, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात.

तिसरा जागल्या. कीडपत्त्यांतले वरचे दोन त्याने एकट्याने बघायचे. संकट कोणत्या फडावर येतंय एवढं सांगायचं, पीक सांगायचं नाही. घाटेअळी यायच्या आत तिथे अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांसाठी पक्षीथांबा लावायचा की टोमॅटोभोवती झेंडू, ते सगळ्यांनी ठरवायचं.

धाकटीला मधमाशी करा. दोडका, दुधी, कारली यांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात, त्यामुळे मधमाशी फिरकल्याशिवाय या वेलांना फळ धरायचं नाही. तिला कुठल्याही फडात जाता येईल आणि तिने कुठे जावं हे कुणीही सांगायचं नाही. पण कुणी फवारणीचा पत्ता टाकला, तर त्या फडात एक फेरी तिला बंदी. म्हणजे फवारण्याआधी थोरल्याला धाकटीला विचारावं लागेल!

आईसाठी बियाण्याचं काम ठेवलंय. ती अजून दोडका वेलावर वाळवते आणि बी राखेत घालून मडक्यात ठेवते ना? तसंच करायचं. प्रत्येक काढणीतलं एक बी मडक्यात गेलंच पाहिजे. चारही फड पिकले आणि मडकं रिकामं राहिलं, तर सगळे हरले. इथल्या आजींना हा नियम सर्वांत आवडला.

आता सगळ्यांत महत्त्वाचा नियम, दुष्काळाचा. फडपद्धती 300-400 वर्षं टिकली ती मला वाटतं यामुळेच. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड भिजवायचेच नाहीत, आणि प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे झळ सगळ्यांना बसायची. खेळातही प्रत्येकाने आपली रोपं चारही फडांत लावायची. 'आटलं' ऐकू आलं की कोणता फड सोडायचा ते सगळ्यांनी एकाच वेळी बोटं दाखवून सांगायचं, म्हणजे आधी बोलून कुणी दुसऱ्याचं मत वळवणार नाही. मत जुळलं नाही तर बंधाऱ्यातला एक मणी वाहून गेला. हा नियम एवढा कडक असावा का, हे अण्णांना विचार. त्यांच्या लहानपणी फड सोडायचं कसं ठरायचं, बैठकीत कोण असायचं, रुसवेफुगवे झाले तर कोण मिटवायचं, तेही विचारून घे आणि सविस्तर कळव. त्यावरून नियमांचा शेवटचा पत्ता करायचाय.

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर डाव मांडू या का? तुमचे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचा दुपारचा दीड. पुठ्ठ्यावर नव्याने फड तुम्ही आखा. थैली इथे चिमणीकडे राहील, म्हणजे पाणी किती आहे ते तुमच्यापैकी कुणालाच दिसणार नाही. बारेकरी कोण होणार ते मुलांनी आधी ठरवून ठेवावं, आणि आईला बियांसाठी खरंच एखादं छोटं मडकं द्यावं.

अण्णा-आईंना सा. नमस्कार, वहिनीला नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझी,
बहीण