तुझा बिस्किटी, माझा राणी

म्हापसा, गोवा
१४ जुलै

प्रिय सुनू,

तुझ्या नव्या फ्लॅटचे फोटो मिळाले. देखणा झालाय, यात वाद नाही. भिंती बिस्किटी, सोफा बिस्किटी, पडदे जरा फिकट बिस्किटी, आणि मधोमध तू, तीही बिस्किटी कुर्त्यात. तुला शोधायला मला फोटो मोठा करावा लागला. चिडू नकोस, आधी खोडी तूच काढलीस. माझ्या घराचे फोटो बघून "या वयात हिप्पी झालीस की काय गं?" असं तूच विचारलंस. उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

हिप्पी म्हणशील तर ते आमचे जुने शेजारी. साठच्या दशकाच्या अखेरीस ते इथल्या किनाऱ्यावर उतरले आणि सत्तरच्या दशकात हणजुणेला, म्हणजे अंजुनाला, त्यांचा बाजार भरू लागला. पैसे संपले की जवळचे कपडे, रेडिओ, गिटार असं काहीबाही विकायचं, नाहीतर अदलाबदल करायची. तो बाजार सुरू करण्याचं श्रेय लोक एट फिंगर एडी नावाच्या अमेरिकन माणसाला देतात. तो २०१० साली गोव्यातच वारला. बाजार अजून बुधवारी भरतो, पावसाळा सोडून. पण आता तिथला बराचसा माल गोव्याबाहेरून गठ्ठ्यांनी येतो. कवड्या आणि आरसे लावलेले पट्टे, पिशव्या घेऊन लमाणी बायका बसतात. त्या मूळच्या कर्नाटकातल्या, आणि हे भरतकाम त्यांच्या घरातलं. पर्यटक त्यांच्याशी वीस-वीस रुपयांवरून हुज्जत घालतो आणि तशीच पिशवी एसी दुकानात 'बोहो', म्हणजे मनमौजी हिप्पी थाटाची, अशी चिठ्ठी लावून टांगलेली दिसली की मुकाट्याने पैसे मोजतो. मला याचा भारी राग येतो.

म्हणून आधीच सांगते, माझ्या घरात तसलं काही नाही. एका दिवसात दुकानातून उचलून आणलेलं रंगीबेरंगी घर हे मला तुझ्या बिस्किटी घराचंच भावंड वाटतं. दोन्हीकडे निवड दुसऱ्याने केलेली असते. तुझ्याकडे त्या इंटिरिअरवाल्या पोराने केली, एवढाच फरक.

माझं खूळ सुरू झालं ते गोधडीपासून. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात, ठाऊक आहे ना तुला? त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या कितीतरी जणांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं आणि तिथून पळून ते त्या रानांत शिरले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची एक गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. एका प्रदर्शनात पाहिली आणि मी तिथेच खिळले. आपण आधी तुकडे जोडून वरचा थर करतो आणि मग टाके घालतो. त्या तसं करत नाहीत. खाली एक अखंड कापड, बहुतेक जुनी साडी, अंथरायचं, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, ठिगळाची कड आत दुमडायची आणि धावदोरा घालत पुढे जायचं. एक ठिगळ संपत आलं की त्याखाली दुसरं सरकवायचं. अशी कडेकडेने चारी बाजूंनी फिरत सुई मध्यापर्यंत येते. आराखडा नाही, माप नाही. हिरव्याशेजारी काय येणार हे हिरवं संपेपर्यंत शिवणारीलाही माहीत नसतं. आणि शेवटी चार कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. त्यांचा उपयोग काही नाही, ऊबही वाढत नाही. पण फुला नसलेली कवंदी त्यांना उघडीवाघडी वाटते.

हे वाचून तुझ्या त्या इंटिरिअरवाल्या पोराला विचार, बिनउपयोगाची वस्तू त्याच्या नकाशात कुठे बसते ते.

मी आणि सासूबाई मिळून एक शिवली. माझी जुनी इरकल, ह्यांचे बँकेतले रेघारेघांचे शर्ट, सोनलच्या शाळेचा निळा पिनाफोर, आणि एक टेबलक्लॉथ ज्यावरचा सोलकढीचा डाग काही केल्या गेला नव्हता. डाग तसाच ठेवला, त्याच्याभोवती पिवळ्या दोऱ्याने गोल टाका घातला, आता तोच सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतो. रंगांच्या बाबतीत सासूबाई माझ्याहून धीट निघाल्या. शेंदरीला खेटून त्यांनी बेधडक जांभळा लावला. टाक्याबाबत मात्र हेडमास्तर! टाका तांदळाच्या दाण्याएवढाच हवा. माझा लांबला की काही न बोलता उसवायच्या. मी नऊवारी सोडून मॅक्सीत वावरते ते त्यांना खपतं, लांब टाका खपत नाही.

आणि खरं सांगू, हे रंगांचं वेड बाहेरून आलंय असं मला वाटतच नाही. चतुर्थीला तू आमच्याकडे आली होतीस तेव्हा गणपतीच्या डोक्यावरची माटोळी पाहत तासभर बसली होतीस. लाकडी चौकटीला टांगलेले नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगणं, घागऱ्या, कांगलां, रानातलं जे जे त्या हंगामात पिकतं ते सगळं. कुठलं कशाशेजारी शोभतं याची चर्चा तिथे कोणी करत नाही. दाट दिसली पाहिजे, बस. पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत फिरलीस तेव्हाही पिवळ्या, निळ्या, तांबड्या घरांचे फोटो तूच काढत होतीस. पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्चपुरता राखला होता, असं इथले लोक सांगतात. आमच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी असते. तांबड्या मातीचा आणि चुन्याचा थर एकावर एक, आणि ते ओले असतानाच खरवडून काढलेली वेलबुट्टी. मी मात्र सोप्याच्या भिंतीवर खरवडायच्या भानगडीत पडले नाही, गेरू कालवून ब्रशानेच काठ रंगवला. दाराला राणी रंग दिला. दोन दिवस आमचे हे मागच्या दाराने येत-जात होते. आता पाहुण्यांना पत्ता सांगताना मोठ्या ऐटीत "राणी रंगाचं दार" म्हणतात.

पण तू इंटरनेटवर बघतेस ती बोहो घरं गोव्यात टिकत नाहीत, हे लक्षात ठेव. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. ताग कुबट वास मारतो, वेताला भुंगा लागतो, आणि सुती दोरीच्या गाठी मारून केलेलं मॅक्रमे आषाढ संपायच्या आत बुरशीने काळं पडतं. मी त्यावर तोड काढली. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन नायलॉनची दोरी किलोवर आणली. हिरवी, निळी, शेंदरी, जी होड्यांना नि जाळ्यांना लावतात तीच. दुकानदाराने विचारलं, "होडी कुठे लावलीय बाई?" मी म्हटलं, "हॉलमध्ये." गाठी सगळ्या साध्याच, मधल्या दोन दोऱ्यांवर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. नायलॉन निसरडं, म्हणून प्रत्येक गाठ सुतीपेक्षा जास्त ओढून घट्ट करावी लागते, आणि कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून वितळवायचं, नाहीतर सुटं होत जातं. बोटं भाजतात. पण त्या जाळीत टांगलेल्या कुंड्यांना पाणी घातलं, पावसाची झड आली, तरी दोरी ढिम्म. रंगही असे की हॉलमध्ये ट्यूबलाइट लावायला नको.

कापड रंगवायचं काम आता बंद आहे, वाळायलाच जागा नाही. दिवाळीनंतर ये, दाखवते. कांद्याच्या सुक्या साली जमवून ठेव, कापडाच्या वजनाइतक्या तरी लागतात. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग सालींच्या काढ्यात. जुन्या सोन्यासारखा पिवळा उतरतो. हळदीच्या नादाला लागू नकोस, ती उन्हात उडते आणि साबण लागला की लाल पडते.

कपड्यांचं विचारलं होतंस. हो, घालते. कुणबी चौकड्याचा तांबडा ब्लाउज, त्यावर कसलीही साडी, गळ्यात मण्यांच्या दोन-तीन माळा. गोव्याचा फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स, त्याने ते चौकडे फॅशन शोमध्ये नेले तेव्हा कुठे आमच्या लोकांना ते देखणे वाटायला लागले, त्याआधी शेतात राबणाऱ्या बाईचं लुगडं म्हणून नाक मुरडायचे. ऑफिसात पहिल्यांदा घालून गेले त्या दिवशी एकाने विचारलं, "आज काय विशेष?" विशेष काही नव्हतं, मंगळवार होता. आता कोणी विचारत नाही. लोक काय म्हणतील याची भीती आपण उगाच पोसतो गं. लोक दोन दिवस म्हणतात, मग त्यांना दुसरं काहीतरी मिळतं.

तुझं घर बदल असं मी म्हणत नाही. तुला शांत रंगात बरं वाटत असेल तर राहा तशी. पण ते सगळं बघताना मला कुठेच तू दिसली नाहीस. कॉलेजात वहीच्या कव्हरांवर पोपट काढणारी, पिवळ्या परकराला काळी लेस लावून गॅदरिंगला आलेली सुनू कुठल्या कपाटात ठेवलीयस?

तर काम असं आहे. मावशींच्या साड्या माळ्यावर पिशवीत पडून आहेत, टाकवत नाहीत आणि नेसवत नाहीत, असं तूच म्हणाली होतीस. त्यातल्या सुती दोन-तीन मला पाठव. नायलॉनच्या नकोत, सुई घसरते. तुझ्या सोफ्यासाठी त्यांची कवंदी शिवायची आहे. मी एका कोपऱ्यातून सुरुवात करून ठेवते, उरलेली तू इथे येऊन शिव. सासूबाई टाके तपासतील, तयारी ठेव. चतुर्थीला आमचा विनय पुण्याहून येतोय, त्याच्याजवळ पिशवी दे. आदल्या रात्री त्याला फोन मात्र कर, हा मुलगा स्वतःची बॅगसुद्धा विसरून येतो.

तुझी,
माधवी