बोअरच्या पाण्याबद्दल तिसरं पत्र

मा. अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

गणपतीआधी एक पत्र दिलं, दिवाळीला दुसरं, दोन्हीला तुमचं उत्तर "बघूया की". मी भांडखोर नाही हे अख्ख्या टिळकवाडीला माहीत आहे, एकोणीस वर्षांत कुणाशी वरच्या आवाजात बोललो नाही, पार्किंगचा विषय सोडला तर, आणि त्यात पण चूक माझी नव्हती.

राकसकोप धरणाचं नळाचं पाणी येईल तेव्हा येईल, मधले दिवस आपण बोअरवर, आणि बोअर ड्रेनेजच्या चेंबरपासून चार पावलांवर. पाणी वास मारालंय. मी पदरचे पैसे घालून टेस्ट केली, ई. कोलाय निघाला. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या 100 मिली पाण्यात हा जंतू सापडताच कामा नये. तो माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहतो, पुढचं तुम्हीच समजा, मी लिहीत नाही.

आणि मीटिंगमध्ये तळमजल्यावरचे आपले सायन्सवाले काय म्हणाले? जमिनीतल्या पाण्यात घाण खाणारे बॅक्टेरिया असतात, डीहॅलोकोकॉइड्स, आपोआप साफ होतंय, खर्च कशाला. सगळ्यांनी माना डोलावल्या! मी घरी येऊन रात्री एकपर्यंत वाचत बसलो. जंतू खरा आहे, 1997 ला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठवाल्यांनी त्याची माहिती छापली, ड्रायक्लीनिंगच्या सॉल्व्हंटमधला क्लोरीन काढून काढून तो जगतो. पण काम अर्धवट राहिलं तर विनाइल क्लोराइड उरतं, त्यानं कॅन्सर होतो, हे सायन्सवाल्यांच्या फॉरवर्डमध्ये नव्हतं वाटतं. शिवाय हवा लागली की तो संपला, आणि आपण पाणी मोटरनं गच्चीवर चढवतोय. ई. कोलाय तर तो खातच नाही. आपल्या बोअरमध्ये ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे काय ओ?

बायलॉजमध्ये पाण्याची जबाबदारी कमिटीची लिहिलीय. मेंटेनन्स दोन दिवस लेट झाला की दंडाचं पान तुम्हाला बरोबर सापडतंय, हे पान त्याच्या पुढचंच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ए विंगचे पाटील, सगळे माझ्याच बाजूने आहेत, सही मात्र नको म्हणाले.

बोअरचं कनेक्शन पिण्याच्या टाकीतून आठवड्याभरात काढा आणि चेंबर कुठं फुटलाय ते उकरून बघा. नाहीतर पुढच्या मीटिंगला याच पाण्याचं लिंबू सरबत करा, पहिला ग्लास सायन्सवाल्यांना. त्यांच्या दारात दिवसाआड वीस लिटरचा कॅन येतो, मी मोजलेत.

आपला,
बी विंग, तिसरा मजला