रानात रोपे लावण्याआधी : आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपले रान एकदाचे साफ करून त्यात झपाट्याने वाढणारी एकाच जातीची झाडे लावावीत, असा सल्ला तुम्हाला मिळाल्याचे तुम्ही कळवलेत आणि माझे मत विचारलेत. माझे मत स्पष्ट आहे : हे करू नये. गेल्या काही महिन्यांत मी रानात पुष्कळ हिंडले आणि जाणकारांशी बोलले. आपल्या रानाला नव्या लागवडीची गरज फार थोडी आहे. जे आधीच उगवू पाहत आहे त्याच्या वाटेतली अडचण दूर करण्याची गरज मात्र मोठी आहे, असे मला यातून उमगले. ते तुम्हा दोघांना नीट समजावून सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला आज तिथे घाणेरीची जाळी तेवढी दिसते. पण जाळीत वाकून पाहिले की ऐन आणि किंजळ यांचे जुने बुडखे सापडतात. ही झाडे केव्हाच तोडली गेली असली तरी त्यांची मुळे जिवंत आहेत, आणि प्रत्येक बुडख्यावर फुटव्यांचा झुबका आहे. सगळे फुटवे एकाच मुळावर पोसले जात असल्यामुळे कोणीच धड वाढत नाही. त्यांतले जमिनीलगत फुटलेले एक-दोन सरळ, जोमदार फुटवे राखून बाकीचे काढले, तर कित्येक वर्षांच्या मुळांचे सारे बळ त्यांना मिळते. बुडख्याच्या वरच्या टोकाला फुटलेले फुटवे मात्र राखायचे नाहीत. बुडखा कुजला की ते वाऱ्याने निखळतात. नव्याने लावलेल्या रोपाला आधी मुळे धरण्यातच वर्षे घालवावी लागतात. आपल्याकडे ही मुळे तयार आहेत आणि ती उपटून टाकण्यासाठी आपण पैसे खर्च करावेत, हे मला पटत नाही.

घाणेरीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण कामाचा मोठा भाग तोच आहे. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणली गेली. तिची फळे पक्षी आवडीने खातात आणि बिया सर्वदूर टाकतात, तर पाने गुरांना विषारी असल्याने चरण्यानेही तिला आळा बसत नाही. हवाई बेटांवर 1902 पासून तिला आवरण्यासाठी तिच्यावर जगणारे कीटक सोडून पाहिले जात आहेत, तरी ती जगातून हटलेली नाही. नुसती कोयत्याने छाटली तर ती दुप्पट फुटते आणि जाळली तरी बुडातून पुन्हा उठते. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी रुळवलेली पद्धत मला सर्वांत योग्य वाटते. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातूनच घाणेरीचे फुटवे येतात. म्हणून मुख्य मूळ जमिनीखाली साधारण 3 ते 5 सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचे आणि सगळे झुडूप उलटे करून, मुळे वर राहतील असे, वाळत ठेवायचे. यात माती फारशी उकरली जात नाही आणि रसायनही लागत नाही. पुढच्या पावसाळ्यांत बियांपासून उगवणारी रोपे मात्र न चुकता उपटावी लागतात, आणि हे काम टाळले तर आधीचे सगळे श्रम वाया जातात.

हे सारे एकदम करायचे नाही. कोरडवाहू उतार एका हंगामात उघडा पडला तर पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून जाईल आणि मोकळ्या जागी रानमोडी हे तण शिरेल, ज्याचे हलके बी वाऱ्यावर पसरते. शिवाय त्या जाळीत आज लहान पक्षी आणि सरपटणारे प्राणी आसऱ्याला आहेत. म्हणून एका वेळी एक तुकडा घ्यायचा, आधी त्यातली उपयोगी रोपे काठ्या रोवून खुणावून ठेवायची आणि मगच कुदळ चालवायची. वरच्या बाजूच्या घळीत अनगड दगडांचे छोटे बांध घालावेत, असेही मला वाटते. ते माथ्यापासून खाली घालत यायचे, कारण वरचे पाणी सावकाश झाले तरच खालचा बांध टिकतो.

दाट लागवडीविषयीही तुम्ही विचारले होते. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ती पद्धत जिथे जंगलाचे बीज आणि मूळ दोन्ही नाहीसे झाले आहे, अशा उजाड जागेसाठी उपयुक्त आहे. आपल्याकडे तशी वेळ आलेली नाही. जिथे खरोखर मोकळी जागा उरेल तिथे जवळच्याच झाडांचे बी रुजवावे. जांभळाचे बी मात्र साठवून चालत नाही; फळातून काढल्यावर ते लवकरच मरते, तेव्हा ताजेच पेरायचे.

ओढ्याकाठचा उंबर कोणत्याही कारणाने तोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. उंबर, वड, पिंपळ या गटातल्या प्रत्येक जातीचे परागण साधारणपणे ठरावीक जातीचे इवलेसे कीटक करतात. ते त्याच फळांत जन्मतात आणि त्यांचे आयुष्य फार थोडे असते. त्यांचा वंश टिकायचा तर परिसरात वर्षभर कुठे ना कुठे फळ असावेच लागते. म्हणून ही झाडे सगळी एकाच हंगामात फळत नाहीत, आणि इतर झाडे रिकामी असतात तेव्हाही तांबट, बुलबुल आणि धनेश यांना तिथे खायला मिळते. हेच पक्षी दूरच्या झाडांच्या बिया पोटातून आणून त्या उंबराखाली टाकतात. आपण हाताने लावू त्याहून कितीतरी अधिक झाडे तिथे आपोआप लागतील.

वाळून उभा राहिलेला मोठा ऐनही तसाच राहू द्यावा. त्यात सुतार पक्ष्याने कोरलेल्या ढोलीत पुढे पोपट आणि पिंगळे राहतात, आणि सडत जाणाऱ्या लाकडावर बुरशी व भुंगेऱ्यांच्या अळ्या जगतात. तो पायवाटेपासून दूर असल्यामुळे पडला तरी धोका नाही. पालापाचोळा जाळण्याची सवय मात्र पूर्णपणे सोडायला हवी. पाचोळा कुजूनच माती होते आणि त्याच्याखालीच ओल टिकते. वणव्याची भीती खरी आहे, म्हणून उन्हाळ्यापूर्वी फक्त हद्दीलगतचा पट्टा झाडून जाळरेषा काढायची आणि आतला पाचोळा तसाच ठेवायचा.

आई, तुला रानात येता यावे याचाही विचार मी केला आहे. जुनी वाट थेट चढाची आहे; तिच्याऐवजी उताराला आडवी, सावकाश चढत जाणारी वाट आखायची आणि अधूनमधून बसायला सपाट दगड ठेवायचे, असे ठरवले आहे. गुडघ्यांना त्रास न होता तुला उंबरापर्यंत पोहोचता येईल. रान राखायचे ते फक्त पुढच्या पिढीसाठी, असे मला वाटत नाही. तुम्ही दोघांनी आयुष्यभर त्याची हद्द सांभाळली, पण तिथे निवांत बसण्यासाठी वेळ तुम्हाला कधी मिळाला नाही. तो आता मिळावा, ही या सगळ्या खटाटोपामागची माझी सर्वांत मोठी इच्छा आहे.

या कामात तुमच्या आठवणींची मला खरोखर गरज आहे. बाबा, तोड होण्यापूर्वी कुठल्या अंगाला कोणती मोठी झाडे होती, झरा कुठे फुटत असे आणि हद्दीचे दगड कुठे आहेत, हे एका कागदावर ढोबळ का होईना, काढून पाठवा. आई, हिरडा आणि बेहडा कुठून गोळा करत होतीस, तेही त्यात लिही. आज मला तिथे दोन्हींपैकी एकही झाड दिसत नाही, पण आजूबाजूला रोपे असतील तर ती शोधता येतील. रानमोडी पावसाळा संपताच फुलावर येते, त्याआधी ओल्या मातीतून ती उपटायची आहे. म्हणून कागद शक्य तितक्या लवकर पाठवा, म्हणजे कोणत्या तुकड्यापासून सुरुवात करायची ते ठरवता येईल.

तुमची लेक