मोहर्लीच्या गाईडताईंना, एका मंगळवाराबद्दल

ताई, नमस्कार.

नाव छापायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर खाकीतल्या तुमच्या मैत्रिणी आता बऱ्याच आहेत, ओळखणारे ओळखतील. फोटो पाठवताना खाली दोन ओळी लिहून भागलं असतं, पण त्या मंगळवाराबद्दल चारचौघांत बोलावंसं वाटलं.

आधी जंगलाचं सांगतो. मे महिना, चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे, साग पार निष्पर्ण. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, मोबाईल नेता येत नाही, म्हणून खबर तोंडोतोंडीच फिरते. समोरून आलेल्या ड्रायव्हरने सांगितलं, पुढच्या पाणवठ्यावर वाघीण बसलीय. आपल्या जिप्सीतले सगळे उभेच राहिले. तुम्ही मात्र गाडी थांबवायला लावलीत आणि म्हणालात, “आयका जी जरासक.” डावीकडच्या नाल्यातून सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, येत होता. तिकडे वाघिणीभोवती दहा-बारा गाड्या धूळ उडवत असणार आणि आपण मात्र कोरड्या नाल्याकडे तोंड करून बसलेलो. मागच्या सीटवरचे काका काय पुटपुटत होते ते तुम्हीही ऐकलंत. मग शीळ आली, आणि तिच्या मागोमाग रानकुत्रे. सगळी टोळी पाण्यात उतरली, लोळली, एकमेकांच्या अंगावर चढली. काकांनी तोंड बंद केलं ते गेटपर्यंत.

वाघाचे फोटो माझ्याकडे आहेत, सगळ्यांकडेच असतात. अशी रानकुत्री माझ्या ओळखीच्या फार थोड्यांकडे आहेत. नऊनंतर जमीन तापली की लांब लेन्समधून सगळं थरथरताना दिसतं. “मला कॅमेऱ्यातलं काय कळते,” म्हणत तुम्हीच गाडी उगवतीकडे पाठ करून, झाडाच्या सावलीत लावायला सांगितली होतीत. त्या चित्रातली कुत्र्यांच्या मिशांवरचे थेंब तुमच्या त्या एका वाक्याचे आहेत.

तलावाकाठी तारूची गोष्ट सांगितलीत तीही आठवते. वाघाशी झुंजताना गेलेला गोंडांचा गावप्रमुख, मग त्याचं ठाणं, पौषातली यात्रा. आधी हात जोडलेत, मग बोललात. १९५५ साली राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते याच देवाच्या नावाचं. पाटीवर हे वाचलं असतं तर पुढच्या वळणावर विसरलो असतो.

आता मंगळवार. गेट बंद, म्हणजे तुमची आठवड्यातली एकुलती एक सुट्टी. माझ्या रूममेटचं लग्न मूल तालुक्यातल्या त्याच्या गावी, मुहूर्त साडेअकराचा. ठरवलेली गाडी आली नाही, फोनही उचलेनात. लग्नसराईत दुसरी कुठून मिळणार? मी ओट्यावर बॅगा घेऊन बसलेला. तुम्ही धुणं बादलीत तसंच सोडलंत आणि भाऊजींना हाक मारलीत. त्यांचा छोटा हत्ती टेम्पो बांबूच्या फेरीला निघायचा होता, तो माझ्या लेन्सांच्या फेरीला निघाला. “एकटे जाऊन जेवान तर कोनी इचारनार नाही,” म्हणत तुम्हीही चढलात. डोक्याला दुपट्टा, पिशवीत कांदे. एक कांदा माझ्या खिशात घालायला लावलात. ऊन लागलं नाही, एवढं खरं. श्रेय कांद्याचं की दुपट्ट्याचं, यावर भाऊजींचं नि तुमचं अजून एकमत झालेलं नसेल.

त्या रस्त्याचे फोटो काढले नाहीत याची हळहळ आहे. जंगल संपतं न संपतं तोच पद्मापूरच्या कोळसा खाणी, मग ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या, मग शहर, आणि मूल रोडला लागलं की पुन्हा जंगल. चिचपल्लीच्या पुढे धानाच्या बांध्या सुरू झाल्या, कापणी कधीच होऊन गेलेल्या, आणि तळाला गेलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव. मोहफुलं वेचताना कुठे कुणाला वाघाने धरलं, ते तुम्ही बोटाने दाखवत होतात. आवाज गाईडचा नव्हता तेव्हा.

लग्न अर्थातच दीडला लागलं. डोक्यावर ड्रोन घोंघावत होता, आणि जांभळाच्या डहाळ्यांच्या मांडवात अक्षता टाकायच्या सोडून लोक माना वर करून बघत होते. मित्राची आजी काही फोटो काढू देईना. फोटोवाल्यांनी सकाळपासून छळलेलं, तिने आतल्या खोलीत जाऊन दारच लोटून घेतलं. तुम्ही आत गेलात. माहेर कुठलं, सासर कुठलं, करत करत आजीची चुलतबहीण तुमच्या मामेसासूच्या घरात दिलेली निघाली! दार उघडलं. आजी जात्याजवळ बसलेली, हातभर गोंदण, उजेड फक्त दाराचा. बाहेरच्या रणरणत्या उन्हात असा उजेड शोधून सापडला नसता. ती तुमच्याशी बोलत राहिली, मी कोपऱ्यात बसून काढत राहिलो. मित्राने अल्बमच्या पहिल्या पानावर तेच चित्र लावलंय, नवरा-नवरी दुसऱ्या पानावर.

पंगतीत तुम्हाला पाहुणी म्हणून आग्रहाने वाढलं. आलू-वांग्याची भाजी भाऊजींनी तीनदा मागून घेतली, मठ्ठ्याचा तर हिशेबच नाही. डिझेलचे पैसे पुढे केले तर तुम्ही रागावलात. गेटवर ‘सर’ म्हणत होतात, त्या रागात पहिल्यांदा ‘भाऊ’ म्हणालात. दिवस असता जंगल ओलांडायचं म्हणून घाईने निघालात, आणि बुधवारी उजाडायच्या आत गेटवर हजर. बादलीतल्या धुण्याचं काय झालं, ते विचारायची हिंमत झाली नाही.

सोबत फोटो पाठवतोय. रानकुत्र्यांचे दोन, एक तुमचा, एक आपल्या ड्रायव्हरदादांचा. आजीचा मोठा करून घेतलाय. तुमच्या मामेसासूंकडे पोचवाल ना? पावसाळ्यात कोअर बंद असतं तेव्हा धानाच्या रोवणीला या, म्हणाला होतात. येतो. रोवणी मला येत नाही, आणि चिखलात कॅमेरा काढू देणार नाही अशी भाऊजींची अट आहे, ती मान्य.

तुमचा,
छोट्या हत्तीतला पाहुणा