रामबागेतलं घर विकू नका

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आपलं घर विकून इंदूरच्या बायपासजवळच्या टाउनशिपमध्ये फ्लॅट घ्यावा, असं दादा म्हणतो; तिथली चित्रं त्याने मलाही पाठवली. लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांना आराम पडेल, हे त्याचं म्हणणं खरं आहे. तरी मला विचाराल तर बयाणा देऊ नका.

आज आई दळण, भाजी, औषधं पायी जाऊन आणते. ओट्यावर बसली की समोरच्या काकू गोळी घेतली का म्हणून विचारतात. तिकडे कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी काढावी लागेल, आणि बाबा, रात्री गाडी चालवणं तुम्ही कधीच सोडलंय.

गाडी आली की पेट्रोल आलं, आणि आपला देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत भाव जवळजवळ चौपट झाले. तुम्ही तेव्हा सायकलने मिलमध्ये जात होतात, म्हणून घराला फारशी झळ लागली नाही, हे तुम्हीच सांगता ना? तेल उद्या संपणार नाही. पण सहज हाती लागणारं आधी उपसून होतं, मग उरलेलं काढायचा खर्च चढतच जातो.

पाण्याचंही तसंच. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढून पंपांनी इंदूरला येतं. वीजबिल हलकं व्हावं म्हणून महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे, काढले, जलूदला ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. मला त्याचं फार कौतुक वाटतं. पण शहर पसरेल तशी पाइपलाइनही लांबतच जाणार. टाउनशिपला पाणी नर्मदेचं, बोअरचं की टँकरचं, हे दादाला जरूर विचारा.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. जुने मोहल्ले पाडून सरळ रस्ते काढण्यापेक्षा मोजकी दुरुस्ती करून ते राहते ठेवावेत, असं त्यांचं मत होतं. आपल्या घरालाही तेवढंच हवंय. जिना चढायचाच नाही. पलंग खालच्या खोलीत आणायचा, तिथेच कमोड आणि बाथरूम करायचं. गच्चीवर सोलर बसवू, ३ किलोवॉटला केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान आहे.

खर्च मी करते, पहिले पैसे याच आठवड्यात पाठवते. बाबा, गवंड्याला बोलावून मापं घ्या. बाथरूमचं दार चाकाची खुर्ची आत जाईल एवढं रुंद ठेवायला सांगा. दादाशी मी बोलते.

तुमची,
ताई